कॅमेऱ्याची वर्गणी मी देणार नाही

मागच्या जुम्याला नमाजनंतर मोहल्ल्यातले तिघे जण पावतीपुस्तक घेऊन आमच्या दारात आले. घरटी पाचशे रुपये. मोहल्ल्याच्या चार तोंडांवर चार कॅमेरे बसवायचं ठरलं आहे. तिघांमधला एक माझा चुलतभाऊ. तो म्हणाला, "आपा, पोरं हाताबाहेर चाललीत. रात्री पिऊन येतात. कॅमेरा लागला की आपोआप सरळ होतील." मी त्यांना चहा दिला, पैसे दिले नाहीत. विचार करून सांगते म्हणाले.

आता विचार करून सांगते आहे. मी वर्गणी देणार नाही. का देणार नाही ते इथे सविस्तर लिहिते, कारण दारात उभ्या असलेल्या माणसांना एवढं ऐकायला वेळ नसतो, आणि बाईमाणसाने दारात वाद घातला की मुद्दा बाजूला राहतो आणि तिच्या आवाजाचीच चर्चा होते.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. दारू हराम आहे आणि या लेखात शेवटपर्यंत ती हरामच राहणार आहे. माझे सख्खे मामू दारूने गेले. पोट फुगलं होतं, डोळे पिवळे झाले होते. मयतीला आलेल्या प्रत्येकाला अम्मीने "कावीळ झाली होती" एवढंच सांगितलं. आम्हा पोरांना सगळं माहीत होतं, तरी आम्हीही माना हलवल्या. मुमानीने पुढची पंधरा वर्षं शिलाई मशीनवर काढली. तेव्हा दारूची बाजू घेणारी म्हणून मला कुणी खपवू नये.

वर्गणीची ही गोष्ट सुरू झाली एका व्हिडिओपासून. दोन महिन्यांपूर्वी आमच्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक मुसलमान घरातल्या मोबाइलवर तो आला. महामार्गाच्या कडेला, एका बंद गॅरेजच्या मागे एक पोरगा बसलेला. उठायला जातो आणि पुन्हा बसतो. व्हिडिओ काढणारा हसत हसत त्याला त्याचं नाव विचारतो, बापाचं नाव विचारतो, कुठल्या मस्जिदीत जातोस ते विचारतो. पोरगा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देतो. शाळेत द्यायचा तसंच, मान खाली घालून.

हा माझा विद्यार्थी. दहावीपर्यंत माझ्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकला. उर्दूचं अक्षर मोत्यासारखं, मराठीतली जोडाक्षरं मात्र शेवटपर्यंत जमली नाहीत. पुढे कांद्याच्या खळ्यावर हमालीला लागला. तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला. एवढंच नाही, तो माझ्या भावाला पाठवला आणि खाली लिहिलं, "हा आपला तोच ना?" म्हणजे ज्या हातांनी तो फिरवला त्यांत माझाही हात आहे. हे लपवून पुढचं लिहिणं बरोबर झालं नसतं.

आठवड्याभरात त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. खळ्यावर जाणं बंद झालं. आता तो भिवंडीला लूमवर आहे म्हणतात. त्याची अम्मी मला बाजारात भेटली. म्हणाली, "मॅडम, पीना गुनाह है, मेरेकू मालूम है. लेकिन जिसने व्हिडिओ बनाया, उसको किसीने कुछ बोला क्या?"

कुणीच काही बोललं नव्हतं. उलट जमातीच्या बैठकीत त्याचं कौतुक झालं आणि त्यातूनच कॅमेऱ्याची कल्पना निघाली. एका पोराने मोबाइलवर जे केलं ते आता आपण वर्गणी काढून, खांबावर, चोवीस तास करणार आहोत.

दारू मना आहे, तशी टेहळणीही मना आहे

आपल्याकडे जुम्याच्या बयानात दारूवर खूप बोललं जातं. बोललं जावंच. पण ज्या कुरआनात दारूला मनाई आहे, त्याच कुरआनात सूरह हुजुरातमध्ये एकमेकांचे दोष हुडकत फिरायला आणि पाठीमागे निंदा करायला तितकीच स्पष्ट मनाई आहे. तजस्सुस आणि गीबत. हे दोन शब्द मदरशातल्या लहान पोरांनाही पाठ असतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर आले की त्यांचा विसर पडतो.

हजरत उमर यांची एक कथा जुन्या ग्रंथांत येते, इमाम गझालींनीही ती सांगितली आहे. खलीफा रात्री मदिनेत गस्त घालत होते. एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत गेले, तर तिथे एक माणूस दारू घेऊन बसलेला. उमर रागावले. तो माणूस म्हणाला, माझी चूक एक आहे, तुमच्या तीन आहेत. तुम्ही टेहळणी केलीत, दरवाजा सोडून भिंतीवरून आलात आणि परवानगी न घेता, सलाम न करता घरात शिरलात. उमर यांनी त्याच्याकडून तौबा करवून घेतली आणि ते निघून गेले. ज्यांच्या नावाने आपण कडक शिस्तीचे दाखले देतो, त्या उमर यांनी एका पिणाऱ्या माणसासमोर आपली चूक मान्य केली, असं ही कथा सांगते. आमच्या बैठकीत मात्र कुणाला चूक मान्य करावीशी वाटली नाही.

दारू पिऊन पकडल्या गेलेल्या एका माणसाला लोक शिव्याशाप देऊ लागले तेव्हा पैगंबरांनी त्यांना थांबवलं, आपल्या भावाच्या विरोधात सैतानाला मदत करू नका असं समजावलं, ही हदीसही प्रसिद्ध आहे. आणि दारूबंदी कशी आली तेही आपल्याला माहीत आहे. एका रात्रीत आली नाही. आधी सांगितलं गेलं की तिच्यात फायद्यापेक्षा नुकसान मोठं आहे. मग सांगितलं की नशेत नमाजजवळ येऊ नका. शेवटी पूर्ण मनाई आली. लोकांची सवय मोडायला वेळ लागतो हे त्या टप्प्यांमधूनच दिसतं. चाळीस सेकंदांच्या व्हिडिओने ती मोडेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही आयतींची क्रमवारी एकदा शांतपणे वाचावी.

वास नसलेली नशा

तरीही कुणी म्हणेल, धर्माचं सोडा, उपयोग तर होईल ना? तर उपयोगाचंच बोलू.

दारूला वास असतो. पिणारा घरात आला की आईला कळतं, बायकोला कळतं, शेजारी बसलेल्याला कळतं. ज्या मोहल्ल्यात दारूची बदनामी सगळ्यात मोठी, तिथे पोरं नशा सोडत नाहीत, वास सोडतात. इथून चाळीसेक किलोमीटरवर मालेगाव आहे. तिथे 'कुत्ता गोली' हा शब्द कुणालाही विचारा. झोपेसाठी, घाबरेपणासाठी डॉक्टर लिहून देतात ती अल्प्राझोलामची गोळी. शिवाय खोकल्याचं औषध. वास नाही, बाटली लपवायची गरज नाही, खिशात मावते, मस्जिदीच्या पायरीवर बसूनही घेता येते. चौकातल्या कॅमेऱ्याला फक्त पाण्याचा घोट घेणारा पोरगा दिसेल.

आम्ही शिक्षक वर्गात हे बघतो. पूर्वी ज्या पोराच्या घरी दारू होती ते सोमवारी कळायचं. पोरगा उपाशी यायचा, गृहपाठ नसायचा, डोळे जागरणाचे असायचे. आता पोरगा व्यवस्थित येतो, व्यवस्थित बसतो आणि तिसऱ्या तासाला बाकावर डोकं ठेवतो. हलवलं तर उठत नाही. अशा वेळी त्याच्या घरी काय सांगायचं, हे मला बीएडला कुणी शिकवलं नाही.

नजर वाढली की सवय जागा बदलते. गल्लीतून महामार्गाच्या कडेला जाते, बाटलीतून गोळीत जाते. आणि जितकी ती दूर जाते तितकी मदत उशिरा पोचते. आपल्या गल्लीच्या ओट्यावर पडलेल्या पोराला कुणीतरी उचलून घरी नेतं. राहूड घाटाच्या कडेला पडलेल्याला कोण नेणार?

सरकारचा डोळा कुठे असतो

आता जरा मोहल्ल्याबाहेर पाहू. पोरांवर कॅमेरा लावणारे आपण एकटे नाही. दारू आणि पाळत यांची जोडी या राज्यात जुनी आहे, फक्त ती कुणावर रोखलेली असते ते पाहायला हवं.

आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्या कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना हवा. वर्षानुवर्षं एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना आणि आयुष्यभराचा हजार रुपयांना मिळत आला. किती पिणाऱ्यांच्या खिशात तो असतो? जवळजवळ कुणाच्याच नाही. म्हणजे कागदावर बहुतेक पिणारे गुन्हेगार आणि दुकानं मात्र उघडी. सगळेच गुन्हेगार असले की कुणाला पकडायचं आणि कुणाला सोडायचं हे पकडणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. ती मर्जी पंचतारांकित हॉटेलाच्या दारात चालत नाही, हातभट्टीच्या वाटेवर चालते.

आपल्याच नाशिक जिल्ह्यात बघा. दिंडोरीकडे, निफाडकडे गेलात तर द्राक्षांचे मळे आणि वाइनरी दिसतात. मुंबई-पुण्याहून लोक गाड्या घेऊन येतात, ग्लास वर धरून फोटो काढतात आणि ते फोटो स्वतःच जगाला दाखवतात. त्याला पर्यटन म्हणतात. २७ जानेवारी २०२२ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून, सुपरमार्केटमधून वाइन विकायला मंजुरी दिली. शेतकऱ्याचं भलं होईल हे कारण सांगितलं गेलं, वाइन म्हणजे दारू नव्हे असंही सांगितलं गेलं. विरोध झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय बासनात गेला. मला द्राक्ष पिकवणाऱ्यांशी भांडायचं नाही, त्यांची पोरंही माझ्या वर्गात बसली आहेत. पण ग्लास धरलेल्या त्या पर्यटकाचा व्हिडिओ आणि गॅरेजमागे बसलेल्या माझ्या विद्यार्थ्याचा व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाला लाइक मिळतात, दुसऱ्याचं लग्न मोडतं.

१० जून २०२५ चा मंत्रिमंडळाचा निर्णय आणखी बोलका आहे. दारूवरचं शुल्क वाढवलं गेलं, धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा प्रकार आणला गेला, १८० मिलिलिटर देशीची किमान किंमत ८० रुपये आणि या नव्या दारूची १४८ रुपये ठरली. वर्षाला १४ हजार कोटी रुपये जास्तीचे मिळतील असा अंदाज सांगितला गेला. याच निर्णयात दारूचे कारखाने आणि घाऊक विक्रेते यांच्यावर लक्ष ठेवायला कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एकात्मिक नियंत्रण कक्षही होता. म्हणजे दारूवर सरकारची पाळत आहे, अत्याधुनिक आहे, पण ती कर बुडू नये म्हणून. बाटलीतला थेंब कुठे गेला हे तिला कळायला हवंय. घरातला पगार कुठे गेला हे बघणारा नियंत्रण कक्ष अजून निघालेला नाही.

पुण्याचं उदाहरण तर सगळ्यांनी पाहिलं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघंही गेले. तिथे कॅमेऱ्यांची कमतरता नव्हती. मुलगा मित्रांबरोबर बारमध्ये बसलेला कॅमेऱ्यात दिसला. पुढे काय झालं? रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपाखाली ससूनमधल्या डॉक्टरांना अटक झाली. आणि पहिला जामीन मिळाला तेव्हा एक अट होती, अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा. वीस वर्षं निबंध तपासणारी मी, त्या दिवशी वर्गात निबंध हा शब्द उच्चारताना मला लाज वाटली. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणालाच, "मॅडम, तीनशे शब्द म्हणजे किती पानं?" सगळा वर्ग हसला. मी रागावू शकले नाही.

कॅमेरा बघतो, पण बघितल्यावर काय करायचं हे कॅमेरा ठरवत नाही. ते ठरवणारे लोक बापाचं नाव विचारतात. गॅरेजमागच्या पोरालाही बापाचं नाव विचारलं गेलं होतं.

चांदवड तर मुंबई-आग्रा महामार्गावरचंच गाव. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असा निकाल दिला, तेव्हा आमच्यासारख्या गावांतल्या बायकांना फार आशा वाटली होती. नंतर वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी अंतर २२० मीटर झालं. चंदीगडने आपल्या रस्त्यांचा दर्जाच बदलून टाकला. केरळात एका बारने दारापुढे वळणावळणाच्या भिंती बांधल्या, म्हणजे चालायचं अंतर वाढेल. २०१७ च्या जुलै-ऑगस्टपर्यंत शहरांच्या हद्दीतल्या रस्त्यांना न्यायालयाकडूनच मोकळीक मिळाली. विकणाऱ्याला वाट काढून द्यायला इतकी डोकी लागली. पिणाऱ्याला वाट दाखवायला आपल्याकडे फक्त कॅमेरा आहे.

आपण पाळतीखाली राहिलेले लोक आहोत

माझ्या भावाला आणि पावतीपुस्तकवाल्यांना मला सगळ्यात जास्त हे विचारायचं आहे. संशयाच्या नजरेखाली जगणं काय असतं हे आपल्याला कुणी सांगायला हवं का?

८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात बॉम्बस्फोट झाले. मेले ते बहुतेक आपलेच लोक. आणि पकडले गेले नऊ मुसलमान तरुण. २०१६ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केलं. दहा वर्षं. त्यातला एक तोवर वारला होता. त्या काळात मालेगावला नातेवाइकांकडे जायचं म्हटलं तरी अब्बा सांगायचे, ओळखपत्र घे, संध्याकाळच्या आत परत ये. आपल्यावर डोळे आहेत हे गृहीत धरून चालायची सवय आपल्या अंगात तेव्हा मुरली.

विलायतेतही हेच झालं. ब्रिटन हा रस्तोरस्ती कॅमेरे असलेला देश. तिथल्या तरुणांचं पिणं आधीच्या पिढीपेक्षा कमी झालं आहे आणि वर्षानुवर्षं तिथले पब बंद पडत आहेत. ते होत असतानाच, २०१० मध्ये बर्मिंगहॅम शहरातल्या ज्या दोन वस्त्यांवर दोनशेहून जास्त कॅमेऱ्यांचं जाळं टाकलं गेलं, त्या वस्त्या प्रामुख्याने मुसलमानांच्या होत्या. त्यांतले काही कॅमेरे लपवलेले. लोकांना सांगितलं गेलं की हे गुन्हेगारी रोखायला आहे. पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतला निघाला. तिथल्या लोकांनी आवाज उठवला, पोलिसांना माफी मागावी लागली आणि २०११ मध्ये कॅमेरे उतरवले गेले.

तिथल्या मुसलमानांनी दुसऱ्याने लावलेले कॅमेरे भांडून उतरवले. आपण आपल्याच खिशातून पैसे काढून आपल्याच दारांवर रोखलेले कॅमेरे बसवणार आहोत. ते चित्रण कुठे साठणार, हा प्रश्न मी विचारला. उत्तर मिळालं, अध्यक्षांच्या दुकानात. किती दिवस ठेवणार? माहीत नाही. कोण बघू शकणार? "आपलेच लोक, आपा." उद्या साध्या वेशातला कुणी येऊन म्हणाला की गेल्या महिन्याचं सगळं चित्रण द्या, तर आपले हेच लोक नाही म्हणतील? नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. तो हक्क सरकारपासून मागायचा आणि शेजाऱ्याला नाकारायचा, हे जमणार नाही.

कॅमेरा हवा तिथे मी स्वतः त्याची मागणी करेन. २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत सुद्धा, कॅमेरे बसवा असा आदेश दिला. ते कॅमेरे चालू आहेत का, हे विचारायला जमातीचं शिष्टमंडळ जाणार असेल तर मी बुरखा घालून सगळ्यात पुढे चालेन. जिथे सत्ता बसते तिथे कॅमेरा असावा. कांदा उचलून पाठ मोडलेल्या पोराच्या अंगावर नको.

भाऊ म्हणतो, मग चोऱ्यांचं काय, रात्री कामावरून येणाऱ्या मुलींचं काय? रास्त प्रश्न आहे, मीही मुलीची आई आहे. पण पावतीपुस्तकावर चोरी लिहिलेली नाही, मुलींची सुरक्षाही लिहिलेली नाही. बैठकीत बोलणं झालं ते पिणाऱ्यांना पकडण्याचं. मुलींसाठी करायचंच असेल तर आधी गल्लीतले बंद पडलेले दिवे लावा. त्याला वर्गणी लागत नाही, नगरपरिषदेत अर्ज लागतो. आणि ज्या बैठकीत एकही बाई नव्हती, तिने आमच्या सुरक्षेचं नाव घेऊ नये.

मग करायचं काय

करण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त नजर पोरावरून उचलून दुकानावर न्यावी लागेल.

आपल्या राज्यात 'आडवी बाटली' नावाची तरतूद आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर दारूचं दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला बहुमत मिळालं तर दुकान बंद. राज्यात अनेक गावांतल्या बायकांनी अशी दुकानं बंद पाडली. यात एक मेख आहे. बहुमत झालेल्या मतदानाचं धरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे जी बाई मजुरीला गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, जी मेली पण यादीतून गेली नाही, त्या सगळ्यांचं मत आपोआप उभ्या बाटलीला. आमदार निवडून यायला अशी अट नसते. भांडायचंच असेल तर या अटीशी भांडा.

मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झालं की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची ना हरकत लागेल. चांगलं आहे. पण आमच्या मोहल्ल्याला, आदिवासी वस्तीला, दलित वस्तीला सोसायटी कुठून आणायची? ना हरकतीचा हक्क फक्त लिफ्ट असलेल्या इमारतींना का?

या मागण्यांवर सह्या गोळा करायला आपल्या बायका बाहेर पडल्या तर आपण एकट्या राहणार नाही. दारूने पिचलेल्या कोळणी, भिल्लिणी, मराठणी, सगळ्या सोबत येतील. दारूच्या प्रश्नात मुसलमान बाई शेजारणीबरोबर उभी राहिली तर त्याने गावाचंही भलं होईल. मोहल्ल्याच्या तोंडावर कॅमेरा लावून आपण गावाला एवढंच सांगतो की आमची पोरं बिघडलीत आणि आमचं आम्ही बघतो.

जे आधीच अडकलेत त्यांच्यासाठी उपचार आहेत. व्यसन हा आजार आहे आणि त्यातून माणूस बाहेर येतो, हे पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून दाखवत आलं आहे. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. मस्जिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा लिहिलेल्या असतात. खाली हा एक क्रमांक लिहायला खडूशिवाय काही लागत नाही. आणि चार कॅमेऱ्यांच्या पैशांत एखाद्या पोराच्या उपचाराचा, जाण्यायेण्याचा आणि तेवढ्या दिवसांच्या बुडालेल्या मजुरीचा भार नक्की उचलता येईल.

मी गेल्या रविवारी त्या पोराच्या अम्मीच्या घरी गेले. तो व्हिडिओ मी पण पाठवला होता, असं तिला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने भिवंडीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी माफी मागितली. पलीकडून लूमचा आवाज येत होता, त्याला दोनदा सांगावं लागलं. तो म्हणाला, "मॅडम, आप भी देखे?" एवढंच. पुढे काय बोलावं हे मला सुचलं नाही, त्यालाही नाही. फोन त्यानेच ठेवला.

माझे पाचशे रुपये मी पाकिटात घालून ठेवले आहेत. पावतीपुस्तकावर कॅमेरा खोडून उपचार लिहिलं की त्याच दिवशी ते घेऊन जा. आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये तो व्हिडिओ अजून आहे, त्यांनी हा लेख वाचून झाला की आधी तो काढून टाका.